सतरा नंबर

कुओपिओत नोव्हेंबरात तीन वाजताच दिवे लागतात.
आमच्या तळघराला त्याचं काही नाही,
इथे बारा तास उजेड, बारा तास अंधार,
घड्याळ सांगेल तसा.
मी राइली. चोवीस वर्षं उंदरांची बाई.

सतरा नंबरच्या पिंजऱ्यात खाणं समोर आहे.
दोन पावलं. फार तर अडीच.
तिला वास येतो, नाक हलतं.
ती जात नाही.
डॉक्टर हाक्काराइनेन म्हणतात, मेंदूतला एक रस आपण आटवलाय,
सुईच्या टोकाएवढ्या जागेतला.
रस हा शब्द माझा. ते लांबलचक नाव घेतात.

चार दिवसांत ती भरल्या ताटासमोर उपाशी मेली असती.
म्हणून मी तिला मुठीत घेते
आणि ड्रॉपरने साखरपाण्याचा एक थेंब जिभेवर ठेवते.
ती जिभल्या चाटते.
मग पंजे चाटते, एकेक बोट,
लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या पोरासारखी.

म्हणजे गोड अजून गोडच आहे.
गेलंय ते फक्त उठून जाणं.

मला आपलं वाटायचं,
आवडतं म्हणूनच हवं असतं.

*

ताउनोला गोळी सुरू झाली त्या वर्षी
हातातला कप बशीवर वाजायचा थांबला.
आम्ही दोघं रडलो. त्याने शर्टाची बटणं स्वतः लावली,
खालपासून वरपर्यंत, एक चुकवून.
मग तो दूध आणायला जाऊ लागला.
दूध आणायला दोन तास.

दुकानाच्या दाराशी, ट्रॉल्यांच्या शेजारी,
तीन मशिनं उभी असतात. चेरी, घंटा, सात.
मी गेले तेव्हा त्याची पाठ माझ्याकडे होती
आणि हात स्थिर, इतका स्थिर की
लग्नात अंगठी घालतानाही तसा नव्हता.
नाणं, बटण. नाणं, बटण.
बोटीचे पैसे गेले. मग बोटच गेली.

"मजा येते का रे?"
तो खरंच विचारात पडला. ताउनो खोटं बोलत नाही.
"नाही," म्हणाला. "जिंकलं तरी नाही."
"मग?"
मशिनकडे बघत राहिला,
दिव्यांचा लाल-पिवळा उजेड त्याच्या चष्म्यावर फिरत होता.
"हवं असतं," म्हणाला.

त्या रात्री मी तळघरात सतरापाशी जरा जास्त वेळ बसले.
एकीकडे गोडी शाबूत, हवं संपलेलं.
दुसरीकडे नुसता हव्यास, त्याला चवच नाही.
त्याच रसाचं. कमी, जास्त.
आणि मी दोघांच्या मध्ये, हातात ड्रॉपर.

*

शुक्रवारी सतराचं काम संपलं.
काचेवर तिच्या मेंदूचे काप, कागदाहून पातळ.
रंग घातल्यावर जिथे तपकिरी डाग उमटायला हवा
तिथे दोन्हीकडे कोरं.
हाक्काराइनेन खूश झाले. म्हणाले, स्वच्छ झालंय.
मी पिंजरा धुतला. खाण्याची वाटी भरलेलीच होती,
ती कुठे टाकायची ते मला दोन मिनिटं सुचेना.

ताउनोची गोळी आता निम्म्यावर आणलीय.
मशिनची आठवण निघत नाही. दुधाचीही नाही.
तो खिडकीशी बसतो, बर्फाला तळं धरताना बघतो,
किंवा बघत नसेल, डोळे त्या बाजूला असतात.
पाव समोर असतो, वेलचीचा, मीच भाजलेला,
हात पोचेल इतका जवळ.

मी वाट बघते. दहा मिनिटं. कधी वीस.
मग तुकडा मोडते, कॉफीत बुडवते,
त्याच्या ओठांशी नेते.

तो चावतो.
आणि जीभ बाहेर येते, हळूच,
ओठाच्या कडेवरची साखर शोधत.

मी दुसरा तुकडा मोडत नाही लगेच.
बशी त्याच्याकडे बोटभर सरकवते
आणि त्याच्या हाताकडे बघायचं नाही असं ठरवून
त्याच्या हाताकडे बघते.